आयटी, भूगोल, बेसिक गणित: ‘सोपा’ विषय घेतला तर प्रवेश अडतो का?

प्रश्न: मुलगा राज्य मंडळातून दहावी झाला, ८७ टक्के मिळाले. अकरावी सायन्सला प्रवेश घेतोय आणि इंजिनिअरिंगला जायचं म्हणतो. त्याचे मित्र मराठी सोडून आयटी आणि बायो सोडून भूगोल घेतायत. क्लासवालेही तेच सुचवतात: ‘स्कोअरिंग विषय घ्या, वेळ पीसीएमला (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) द्या.’ माझे दीर इंग्लंडमध्ये असतात. त्यांचं म्हणणं, तिकडे असे हलके विषय घेतलेल्यांना चांगली विद्यापीठं विचारत नाहीत. सासरे म्हणतात, भूगोल शिकून कोणी इंजिनिअर झालंय का, बायो ठेवा, उद्या मन बदललं तर? धाकटी सीबीएसईला नववीत आहे. तिच्या शाळेनं दहावीला बेसिक गणित घ्यायला सुचवलंय. सोपे विषय घेऊन आम्ही मुलांचं पुढचं बिघडवतोय का?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात आयटी किंवा भूगोल घेतला म्हणून कुणाचाही अर्ज मागे पडत नाही. विषय सोपा होता की अवघड, हे बघणारा माणूसच त्या प्रक्रियेत बसलेला नाही. तिथे दोनच गोष्टी तपासल्या जातात. पात्रतेला लागणारे विषय आहेत का, आणि गुणवत्ता यादीसाठी कुठले गुण धरायचे. तेव्हा विषय निवडताना ‘सोपा की अवघड’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘हा विषय कुठे मोजला जातो, आणि तो सोडला तर कुठला प्रवेश बंद होतो’ हे विचारा.

आधी एक गैरसमज. पत्रात आयटी आणि भूगोल ही एकच जोडी असल्यासारखी वाटते. तसं नाही. बारावी सायन्सला सहा विषय असतात: इंग्रजी, दुसरी भाषा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, आणि मग गणित, जीवशास्त्र, भूगोल वगैरेंतून दोन. आयटी येतं ते दुसऱ्या भाषेच्या जागी. म्हणजे आयटी घेतलं तर मराठी जाते, बायो जात नाही. इंग्रजी, आयटी आणि पीसीएमबी असा गटही घेता येतो. भूगोल मात्र बायोच्या जागी येतो. त्यामुळे तुमच्यापुढे निर्णय एक नाही, दोन आहेत: मराठी की आयटी, आणि बायो की भूगोल. ते वेगवेगळे घ्या. क्लासवाले दोन्ही एका दमात सांगतात म्हणून ती जोडी वाटते.

आता इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी. राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांत ती एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, त्याला वेगळी ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर, ८० टक्के बारावीच्या. म्हणजे एकट्या गणिताला निम्मं वजन आहे. दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर आधी गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे पर्सेंटाइल पाहतात. या सगळ्यात आयटीचे ९५ किंवा भूगोलाचे ८५ कुठे आले? कुठेच नाही. सीओईपी असो, व्हीजेटीआय असो, राज्याच्या कोट्यातल्या जागेला त्या गुणांचा ना फायदा, ना तोटा. ‘स्कोअरिंग विषयानं बारावीचे टक्के वाढतील आणि चांगलं कॉलेज मिळेल’ असं कोणी सांगितलं, तर त्यानं गेल्या काही वर्षांतली प्रवेशप्रक्रिया पाहिलेली नाही असं खुशाल समजा.

आयटी उपयोगी पडतं ते पात्रतेच्या पायरीवर, आणि हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. इंजिनिअरिंगसाठी भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे. तिसरा विषय रसायनशास्त्रच असला पाहिजे असं नाही. एका यादीतला कुठलाही एक चालतो, आणि त्या यादीत जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र, आयटी, तांत्रिक किंवा व्यावसायिक विषय असे बरेच आहेत. या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के लागतात. ३०० पैकी १३५ किंवा १२०.

उदाहरण घ्या. एका मुलाचं बारावीचं गणित बिघडलं. भौतिकशास्त्र ४१, गणित ३८, रसायनशास्त्र ४३. तिन्ही विषयांत पास, बेरीज १२२. खुल्या गटात तो १३ गुणांनी अपात्र, मग सीईटीत पर्सेंटाइल ९२ का असेना. त्याच मुलाकडे आयटीचे ८६ असतील तर रसायनशास्त्राऐवजी ते धरून बेरीज १६५ होते आणि तो पात्र ठरतो. भूगोलाचे ८६ असते तर उपयोग शून्य, कारण भूगोल त्या यादीत नाही. दोन्ही विषयांना लोक ‘सोपे’ म्हणतात, पण एक धरला जातो, दुसरा नाही. ज्या वर्षी अर्ज भराल त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचा परिच्छेद स्वतः वाचा. या यादीत मधल्या वर्षांत बदल झाले आहेत आणि पुढेही होऊ शकतात.

८७ टक्क्यांच्या मुलाला बारावीत ४१ कसे पडतील, असं वाटेल. पडतात. दोन वर्षं फक्त पर्यायी प्रश्न सोडवलेले असतात, उत्तर सविस्तर लिहायची सवय गेलेली असते, आणि इंटिग्रेटेडच्या (क्लास आणि कॉलेज एकत्र) नावाखाली कॉलेजात पाऊल न टाकल्यामुळे प्रॅक्टिकलची वही अर्धी असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांना प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे, ७० लेखीचे. गणिताला ८० आणि २०. हातचे गुण तिथूनच निसटतात.

आता आयआयटी-एनआयटी. त्याला जेईई द्यायची असेल तर बारावीचे गुण पुन्हा आत येतात. रँक कितीही चांगला असला, तरी बारावीत एकूण ७५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ६५), नाहीतर आपापल्या मंडळात पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये तरी यायला हवं. हे ७५ टक्के सहा विषयांचे नसतात, पाच विषयांचे असतात. आयआयटीच्या नियमात ते पाच ठरलेले आहेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा (दोन भाषा असतील तर जास्त गुणांची), आणि या चारांशिवाय उरलेल्यांतला सर्वाधिक गुणांचा एक विषय.

हा नियम आकड्यांत घालून पाहू, म्हणजे मित्रांच्या सल्ल्याचं खरं मोल कळेल. समजा भौतिकशास्त्र ७०, रसायनशास्त्र ७१, गणित ७६. तिघांची बेरीज २१७. इंग्रजीत ६८ मिळतात. मराठी घेतली तर ८०, आयटी घेतलं तर ९३. बायोत ७२, भूगोलात ८४.

मराठी आणि बायो: भाषेच्या जागी मराठीचे ८०, पाचव्या जागी बायोचे ७२. एकूण ३६९, म्हणजे ७३.८ टक्के. हुकलं.

आयटी आणि बायो: भाषेच्या जागी आता इंग्रजीचे ६८ धरावे लागतात, पाचव्या जागी आयटीचे ९३. एकूण ३७८, ७५.६ टक्के. जमलं.

आयटी आणि भूगोल: पुन्हा ३७८. पाचवी जागा एकच, ती आयटीनं घेतली. भूगोलाचे ८४ गुणपत्रिकेत शोभेला.

मराठी आणि भूगोल: ८० आणि ८४ धरून ३८१, ७६.२ टक्के. चौघांत सगळ्यात जास्त.

म्हणजे दोन सोपे विषय घेतले की फायदा दुप्पट होतो हे खरं नाही. आणि ज्या मुलाची मराठी बरी आहे, इंग्रजी बेताची आहे, त्यानं ७५ टक्क्यांच्या धास्तीनं मराठी सोडणं हा तर उलटा व्यवहार. मराठी गेली की भाषेच्या रकान्यात कमजोर इंग्रजी येऊन बसते. दहावीच्या गुणपत्रिकेत मराठी आणि इंग्रजीत किती फरक आहे ते आधी पाहा. दहा-बारा गुणांचा फरक मराठीच्या बाजूनं असेल तर हा हिशेब त्याच्या स्वतःच्या आकड्यांनी एकदा करून बघा. इंग्रजी उत्तम असेल तर मात्र आयटीचं पारडं जड.

बिट्स पिलानीसारख्या ठिकाणी यातलं काहीच चालत नाही. तिथे बारावीच्या पीसीएममध्ये मिळून ७५ टक्के आणि प्रत्येकात किमान ६०, आणि प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर. पाचवा विषय कुणी विचारत नाही.

आयटी खरंच सोपं आहे का, तर गुणांच्या बाबतीत बऱ्यापैकी, हो. ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते, बराचसा भाग रिकाम्या जागा, चूक-बरोबर, पर्यायी प्रश्न आणि जोड्या यांचा, २० गुण प्रॅक्टिकलचे. बारावी सायन्सच्या पुस्तकात वेब डिझायनिंग, एसईओ, जावास्क्रिप्ट, नव्या तंत्रज्ञानांची ओळख, पीएचपी, ई-कॉमर्स आणि ई-गव्हर्नन्स असे धडे आहेत. जी मुलं याला ‘फुकटचे गुण’ म्हणून सोडून देतात ती प्रोग्रॅमच्या प्रश्नांत पडतात. एचटीएमएलमध्ये टॅग कॅपिटल लिहिला काय, स्मॉल लिहिला काय, पान उघडतं. जावास्क्रिप्टमध्ये एक अक्षर कॅपिटल-स्मॉल चुकलं की काहीच चालत नाही. हे पाठ करून येत नाही, टाईप करून चुकावं लागतं. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये तास नियमित होतात का हे प्रवेशाआधी विचारा. आणि फीही विचारा. अनेक कॉलेजांत आयटी विनाअनुदानित असतं, त्याची फी वेगळी भरावी लागते, जागाही मर्यादित असतात.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्याचा उपयोग किती? थोडा. सगळ्याच शाखांना प्रोग्रॅमिंग असतं. अट, लूप, व्हेरिएबल हे शब्द आधी कानावरून गेलेले असतात एवढाच लाभ. प्रोग्रॅमिंगचीच खरी ओढ असेल तर बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स पाहा. तो २०० गुणांचा विषय, दोन पेपर, प्रत्येकी ५० लेखी आणि ५० प्रॅक्टिकल. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++, मायक्रोप्रोसेसर, नेटवर्किंग असा ऐवज आहे. (त्यातला ८०८५ मायक्रोप्रोसेसर आता संग्रहालयात शोभेल असा, पण यंत्र आतून कसं विचार करतं हे त्याच्यावर छान कळतं.) मात्र बायफोकल दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय दोन्ही खाऊन टाकतो. मग इंग्रजी, बायफोकल आणि पीसीएम एवढंच उरतं. बायो, मराठी, भूगोल कशालाच जागा नाही. अकरावीच्या प्रवेशात बायफोकलचा पर्याय वेगळा भरावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

आता सासऱ्यांचा मुद्दा. ‘बायो ठेवा, उद्या मन बदललं तर’ हा युक्तिवाद घरोघरी चालतो. अर्धा बरोबर आहे. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी या सगळ्यांना बायो लागतंच, त्याला पर्याय नाही. पण नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे असतात. ‘असू दे बाजूला’ म्हणून ठेवलेल्या, सीईटीच्या धावपळीत शेवटच्या महिन्यात वाचलेल्या बायोवर ती परीक्षा निघत नाही. कागदोपत्री पात्र राहतो, प्रत्यक्षात स्पर्धेत नसतो. आणि त्या ‘पात्र राहण्या’साठी दोन वर्षं चौथी प्रॅक्टिकलची वही, आकृत्या आणि एक अख्खं पाठांतर डोक्यावर असतं.

मुलाला विचारा. प्रश्न ‘डॉक्टर व्हायचंय का’ असा नको, त्याला सगळे ‘बघू’ म्हणतात. विचारा, ‘नीटसाठी रोज दोन तास बायो करशील का?’ उत्तर हो असेल तर पीसीएमबी ठेवा, जमेल तेवढं दिवाळीपर्यंत कळेल. नाही असेल तर बायो सोडा, मनात खंत नको. बारावीनंतर खरोखरच मन बदललं तरी वाट पूर्ण बंद होत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की बारावी झाल्यावर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येते. राज्य मंडळात स्वतंत्र विषय घेऊन बसण्याची सोय आहे, फॉर्मवर त्याला ‘आयसोलेटेड’ म्हणतात. वर्ष जाईल, प्रॅक्टिकलही करावं लागेल, पण रस्ता आहे.

बाकी बायो सोडल्यानं काय जातं याची भीती लोकांना उगाच मोठी वाटते. बी.फार्म.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा जीवशास्त्र चालतं. बायोमेडिकल इंजिनिअरिंगलाही पीसीएमवर प्रवेश मिळतो. उलट गणित सोडणं किती महाग पडतं हे कुणी सांगत नाही. इंजिनिअरिंग गेलं, आर्किटेक्चर गेलं, एनडीएतून नौदल आणि हवाई दल गेलं, मर्चंट नेव्ही गेली, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं बी.स्टॅट. गेलं, दिल्ली विद्यापीठाचं इकॉनॉमिक्स ऑनर्स गेलं. तुमच्या मुलाचं गणित आहे, म्हणून तुम्ही या काळजीतून सुटलात. कॉमर्सच्या घरांत मात्र ही चूक दर वर्षी होते. तिथे गणित आणि एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) यांतून एक निवडायचं असतं, आणि एसपी सोपं म्हणून निम्मा वर्ग तिकडे जातो. मग पदवीला अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राकडे वळायचं म्हटलं की कळतं की दार दोन वर्षांपूर्वीच लागलंय.

भूगोलाबद्दल एवढंच. भूगोल शिकलेले इंजिनिअर होतात, कारण इंजिनिअरिंगचं भूगोलाशी काही देणंघेणं नाही. बारावीच्या पुस्तकात लोकसंख्या, मानवी वस्ती आणि भूमी उपयोजन, प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक आर्थिक क्रिया असे धडे आहेत. वाचायला सोपे, पण उत्तरं लांब लिहावी लागतात आणि नकाशे, आलेख नीट काढावे लागतात. ज्या मुलाला दोन पानं लिहायचा कंटाळा, त्याला भूगोल आयटीइतके गुण देत नाही. पुढेमागे स्पर्धापरीक्षांचा विचार असेल तर भूगोल कामाला येतो. मराठीचंही तसंच. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा पेपर असतो, त्यात २५ टक्के मिळाल्याशिवाय बाकीचे पेपर तपासले जात नाहीत. बारावीला मराठी नव्हती म्हणून तिथे कुणी अपात्र ठरत नाही, पण दहावीनंतर मराठीत एक निबंधही न लिहिलेल्याला तो पेपर जड जातो.

तुमच्या दिरांचं म्हणणं खोटं नाही, ते त्यांच्याकडचं सांगतायत. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षानंतर मुलं ए-लेव्हलला साधारण तीनच विषय घेतात. तिनांपैकी एक हलका म्हणजे अर्जाचा तिसरा हिस्सा हलका. तिथे हा वाद मोठा झाला. २००८ मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या रॉबर्ट को यांच्या गटानं दाखवलं की एकाच कुवतीच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रासारख्या विषयांत जी श्रेणी मिळते, त्याहून फिल्म किंवा मीडिया स्टडीजसारख्या विषयांत बरीच वरची मिळते. आणि तिकडच्या यूकास (विद्यापीठ प्रवेशाची केंद्रीय संस्था) गुणांत मात्र ‘ए’ म्हणजे ४८, विषय कुठलाही असो. मग २०११ मध्ये रसेल ग्रुप या विद्यापीठांच्या गटानं वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या विषयांची यादी काढली: गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य, इतिहास, भूगोल, भाषा. (होय, भूगोल तिकडे भारदस्त विषयांत आहे. सासऱ्यांना सांगायला हरकत नाही.) शाळांनी त्या यादीचं सोवळं केलं, कलेचे विषय मागे पडायला लागले, आणि २०१९ मध्ये ती यादी मागे घेतली गेली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स मात्र आजही कमी पसंतीच्या विषयांची यादी ठेवते आणि त्यातला एकापेक्षा जास्त नको म्हणते. ऑस्ट्रेलियानं दुसरा मार्ग काढला. तिथे विषयाचे गुण थेट धरतच नाहीत. तो विषय घेतलेल्या मुलांनी इतर विषयांत कसं केलं ते पाहून गुण वरखाली करतात.

आपल्याकडेही हा वाद होऊन गेलाय, दिल्लीत. बारावीच्या चार सर्वोत्तम विषयांवर प्रवेश असताना सोपे विषय घेऊन टक्के फुगवलेल्यांचे गुण कापण्याचे नियम कॉलेजांनी केले होते. २०११ मध्ये श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सचा बी.कॉम. ऑनर्सचा पहिला कटऑफ कॉमर्सचे विषय नसलेल्यांसाठी १०० टक्क्यांवर गेला. २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक प्रवेशपरीक्षा आली आणि तो खेळ संपला. आता तिथे ज्या विषयाचा पेपर द्याल, तोच विषय बारावीला असावा लागतो.

मुलगा पदवीलाच परदेशात जाणार असेल, तरच दिरांचा सल्ला लागू. मग ज्या चार-पाच विद्यापीठांचा विचार आहे, त्यांच्या संकेतस्थळावर भारतीय विद्यार्थ्यांसाठीच्या पात्रतेचं पान उघडा. कुठले विषय धरणार, गणितात किती हवेत, हे तिथे लिहिलेलं असतं. इथे बी.टेक. करून एम.एस.ला जाणार असेल तर बारावीच्या सहाव्या विषयाकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

धाकटीचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीय. सीबीएसईत दहावीला गणित स्टँडर्ड आणि बेसिक अशा दोन पातळ्यांवर देता येतं, २०१९-२० पासून. अभ्यासक्रम दोन्हींचा एकच, पुस्तक एकच, वर्गही एकच. फरक फक्त प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा. मूळ नियम असा की अकरावीला नेहमीचं गणित घ्यायचं तर दहावीला स्टँडर्ड हवं. बेसिक दिलेल्यांना अप्लाइड मॅथेमॅटिक्स घेता येतं. मधल्या वर्षांत मंडळानं यात सवलती दिल्या आणि निर्णय शाळेवर सोडला. पण दोन वर्षांनी सवलत असेल, आणि तिची शाळा ती देईल, या भरवशावर आज निर्णय घेऊ नका. भावाच्या आयटी-भूगोलानं कायमचं काही बंद होत नाही. हिच्या एका खुणेनं गणिताचं दार बंद होऊ शकतं.

शाळा बेसिक का सुचवते हे स्पष्ट विचारा. कधी मुलीची अडचण खरी असते, कधी शाळेला निकाल सांभाळायचा असतो. मंडळाच्या संकेतस्थळावर दोन्ही पातळ्यांच्या नमुना प्रश्नपत्रिका मोफत आहेत. आत्ता नववी संपेपर्यंत थांबा, मग दहावीची पहिली तीन प्रकरणं झाल्यावर स्टँडर्डच्या पेपरमधले त्या प्रकरणांचे प्रश्न तिला वेळ लावून सोडवायला द्या. निम्मे गुण येत असतील तर स्टँडर्डच ठेवा, वर्षभरात वर सरकेल. पास होण्याचीच मारामार असेल आणि तिला स्वतःला पुढे गणित नको असेल, तर बेसिक घेण्यात कमीपणा काही नाही. निवड मंडळाच्या परीक्षेसाठी शाळा नावं पाठवते तेव्हा नोंदली जाते. ती यादी जाण्याआधी तुमची सही मागतात, तेव्हा रकान्यातला कोड बघून सही करा: स्टँडर्ड ०४१, बेसिक २४१.

आता मुलासाठी या आठवड्यात करायचं काम. बालभारतीच्या संकेतस्थळावरून बारावीची आयटी, भूगोल आणि मराठी युवकभारतीची पुस्तकं उतरवून घ्या, फुकट मिळतात. प्रत्येकातला एक धडा आणि त्याचा स्वाध्याय त्याला दोन संध्याकाळी करायला सांगा. मित्र काय घेतायत यापेक्षा त्यातून जास्त कळेल. वरचा पाच विषयांचा हिशेब त्याच्या दहावीच्या गुणांवरून अंदाजानं मांडा. मग कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा: हवा तो गट एकाच तुकडीत मिळतो का, आयटीची फी किती, आणि विषय बदलून घ्यायची शेवटची तारीख कोणती. तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, सूचनाफलकावरच्या नोटिशीचा फोटो काढून आणा. अकरावीचे वर्ग उशिरा सुरू होतात, पहिली चाचणी व्हायच्या आत ती तारीख उलटलेली असते, आणि नंतर ‘तुकडी भरली’ एवढंच उत्तर मिळतं.